शालीखाली झाकलेली पिशवी

माझ्या सासूबाई, कुशाबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), एका जागी बसतील तर शपथ. निरवांगीत घरी असल्या की झाडलेलं अंगण पुन्हा झाडतील. सासरे मानसिंगमामा बांधावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि बारामतीला ऑपरेशन झालं. दवाखान्यातही बाईंचं तांब्या हलव, चादर ओढ, पडदा सार चालूच. बघून माझं डोकं उठायचं.

मामांना लघवीची नळी लावली होती. पिशवी कॉटखालीच लटकू द्या, वर घेतली तर लघवी उलटी फिरते आणि जंतू आत जातात, असं सिस्टरनी आत्याबाईंना बजावलं होतं. त्यांना ते पटलंही होतं. पण डाळजहून नणंदेचे सासू-सासरे भेटायला आले आणि व्याह्यांना ती पिशवी दिसणार म्हणून बाई कासावीस झाल्या. मी चहा आणायला गेले तेवढ्यात त्यांनी ती उचलून मामांच्या पायाशी गादीवर ठेवली, वर शाल पांघरली. व्याही ऊसतोडीवर बोलत निवांत बसले.

दुसऱ्या दिवशी मामांना हुडहुडी भरून ताप आला. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. आत्याबाईंनी आपणहून शालीचं सांगून टाकलं. मला इतका संताप आला की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. नळी जितकी जास्त राहील तितका धोका, आता तिची गरज नाही, काढून टाकू, म्हणाले.

आता मामा अडून बसले. घरी जाईपर्यंत नळी राहू द्या म्हणाले. ती काढली की बायकोकडे, नाहीतर सुनेकडे लघवीचं भांडं मागायचं, हेच त्यांना नको होतं. आत्याबाईंनी दारापर्यंत कितीतरी येरझाऱ्या घातल्या. मग माझ्यादेखत त्यांनी नवऱ्याचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून मी हे कधी पाहिलं नव्हतं.

"अवं, मी लाज धरली तर तुमाला ताप आला. आता तुमी धरताय. मी काय परकी हाय व्हय?"

सिस्टरनी नळी काढली तेव्हा मामांनी नाही म्हटलं नाही. दुपार गेली. बाईंची नुसती घालमेल, आत-बाहेर, आत-बाहेर. संध्याकाळी मामांनी भिंतीकडे बघत हळूच हाक मारली.

"कुशे, भांडं आण."

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि तिथंच मला रडू फुटलं.