नाण्यावरचं नख

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी माझ्या बायकोनं, शांतानं, गळ्यातलं नाणं काढून माझ्या हातात दिलं. "हे सांभाळा. आणि फ्रीझरमधले खूण केलेलेच लाडू खा." मी म्हटलं, घरी येऊन तूच काढून दे... दुपारी ती गेली.

मी सातवी शिकलेला. सगळा जन्म कोल्हापुरात लोखंड ओतण्यात गेला. मुलानं आम्हाला इकडं अमेरिकेत सनीव्हेलला आणलं तेव्हा शांता गप्पच झाली होती. कोल्हापूरला फोन करावा तर तिकडं मध्यरात्र असायची, आणि इथं बोलणार कुणाशी? मग अपार्टमेंटच्या कपडे धुवायच्या खोलीत तिला शेजारच्या चेनबाई भेटल्या. ही त्यांना चेनताई म्हणायची. इंग्रजी दोघींनाही येत नव्हतं, तरी एक मराठीत, एक चिनीत, मशीन थांबलं तरी बोलत बसायच्या. संक्रांतीला हिनं तिळगूळ दिला, त्यांनी हे जुनं नाणं दिलं. मधे चौकोनी भोक, भोकाच्या चारी अंगाला एकेक चिनी अक्षर. हिनं काय करावं? घरी आणून चिंच-मीठ लावून देवाच्या भांड्यांसारखं लख्ख घासलं. चेनताईंनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. शेकडो वर्षं चढलेला हिरवा रंग सिंकमध्ये वाहून गेला होता. त्यांचा मुलगा हे इंग्रजीत सांगत होता, आमचा मराठीत. शांताचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा चेनताईंनी नाणं उलटं केलं. मागं चंद्रकोर होती, घासल्यानं उलट ठळक झालेली. म्हणाल्या, ओतायच्या आधी नाण्याचा मेणाचा नमुना चीनच्या राणीला दाखवला, तिचं नख लागलं, आणि ते पुसायची कुणाची छाती झाली नाही. गोष्ट खरी की खोटी, त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण नमुन्यावर ओरखडा राहिला की ओतलेल्या प्रत्येक नगात तो उतरतो, हे मी भट्टीवर बघितलेलं आहे.

शांता हसली. "मग मीपण राणीच की." मला साखरेचा आजार. कमी साखरेचे लाडू वेगळे कळावेत म्हणून ती त्यांवर नखानं अशीच कोर काढायची. "कसली राणी," मी म्हटलं, "आधी नखं कापत जा." तिनं नाणं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं ते घातलंच.

ती गेल्यावर डबा संपत आला तसा मी एक लाडू मागं ठेवला. उघडायचो, कोर बघायचो, झाकण लावायचो. परवा सुनेनं, मीनानं, नवे लाडू केले. माझ्या डब्यातल्या प्रत्येक लाडवावर कोर. वाकडी, खोल. माझं डोकं फिरलं.

"ती खूण तुझी नाही. कुणी सांगितलं तुला?"

"आईंनीच, बाबा. हॉस्पिटलात. म्हणाल्या, ह्यांचा हात गोड डब्यातच जाणार, तू खूण सोडू नकोस."

मी खोलीत जाऊन बसलो. नाणं हातात घेतलं... ती राणी कधीच मेली असणार. ओतणाऱ्यांनी कोर सोडली नाही. बाहेर आलो आणि मीनाकडं लाडू मागितला. "साखर बरोबर पडलीय," एवढंच म्हटलं. ती डोळ्यांना पदर लावून ओट्याकडं वळली.

नाणं आता चहाच्या डब्याशेजारी खिळ्याला असतं. पाणी उकळेपर्यंत मी त्या कोरीत अंगठ्याचं नख ठेवून बघतो. माझं नख रुंद आहे, बसत नाही. तिचं बसायचं.