सिस्टरआत्याचं परदेश

सिस्टरआत्या प्रवासात कधी झोपली नाही. केजहून अंबाजोगाईला निघालेली एसटी असो की युसूफ वडगावची खच्चून भरलेली जीप, ती खिडकीपाशी बसायची आणि रोजचाच रस्ता पहिल्यांदा बघत असल्यासारखी बाहेर बघत राहायची. तीच बाभळीची झाडं, तेच उसाचे फड, तीच माळावर पसरलेली शेरडं. आम्ही भावंडं डुलक्या काढायचो आणि ती गालातल्या गालात हसायची. “झोपायला घर हाय की,” म्हणायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळी हयात सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून गेली, म्हणून गावाची सिस्टर आणि आमची सिस्टरआत्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर “ड्यूटी होती” एवढंच उत्तर मिळायचं. ते ती इतक्या शांतपणे द्यायची की पुढचा प्रश्न विचारायचं कुणाला सुचत नसे.

तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. कोकणात जाऊन आलेलं कुणी भेटलं की फोटो बाजूला सारून ती विचारायची, वास कसा येतो? पाणी रात्रीसुद्धा हलत राहतं का? आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्यांनी तिला लहानपणी सांगितलं होतं की सम्राटाची लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन नावेत बसली आणि समुद्रापलीकडच्या बेटावर गेली. ती फांदी तिथं अजून झाड होऊन उभी आहे. आमच्या कोरड्या मुलखातली ती मुलगी त्या नावेचा विचार करत मोठी झाली असावी. बोलता बोलता तिचे डोळे मध्येच दूर जायचे, तेव्हा ती त्याच पाण्यावर आहे असं मला वाटायचं.

निवृत्त झाल्यावर तिनं त्या बेटावर, श्रीलंकेला जायचं ठरवलं आणि घरात दोन तट पडले. मी पुण्यात नोकरी करते. माझं म्हणणं, आपण दोघीच जाऊ, तिकिटं, हॉटेल सगळं मोबाईलवर होतं, वाटेल तिथं थांबू. वडिलांचं म्हणणं, या वयात पहिल्यांदा देश सोडायचा तर टूरबरोबरच जावं. अंबाजोगाईचे एक निवृत्त शिक्षक दरवर्षी अशा तीन-चार टूर काढायचे. सगळे त्यांना टूरवाले सर म्हणत. वरण-भात मिळेल, मराठीत सगळं समजावून सांगू, एकही माणूस हरवणार नाही, अशी त्यांची हमी होती.

आत्यानं त्यांना सरळ विचारलं, “सर, ती सम्राटाची लेक कुणाच्या टूरनं गेलती?”

सर हसले. “एकटी न्हवती गेली, सिस्टर. बरोबर भिक्खुणी होत्या.”

यावर मात्र आत्या विचारात पडली. पुढचे कितीतरी आठवडे ती भेटेल त्याला विचारत होती, एकटं जावं की टूरनं. शेवटी निकाल लागला तो केजच्या स्टँडसमोर फळांचा गाडा लावणाऱ्या रशीदचाचांकडे. ते गटाबरोबर मक्केला उमऱ्यासाठी जाऊन आले होते. तिथल्या गर्दीत बरोबरच्यांचा हात सुटला. भाषा कळेना, रस्ता कळेना, तेव्हा ते एका खांबाला टेकून रडत बसले. हे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. आत्याला पपई कापून देता देता सांगितलं. “आन् मग कुणीतरी हाक मारली, सिस्टर. ‘केजवाले रशीदभाई’ म्हणून. आमच्या अम्माची हाक बी इतकी गोड लागली न्हवती कधी.”

घरी आल्यावर आत्या म्हणाली, “टूरनंच जाऊ. हाक मारणारं कुणीतरी पाहिजे.” मग मीही त्याच टूरमध्ये नाव घातलं.

अनुराधापुरात त्या बोधिवृक्षाखाली पांढऱ्या कपड्यांतली माणसं मांडी घालून बसली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आत्या त्यांच्यात जाऊन बसली आणि वर पानांकडे बघत राहिली. तिचे डोळे मिटायला आणि सरांनी टाळ्या वाजवायला एकच गाठ पडली. बस निघायची होती. ती मुकाट्यानं उठली. समुद्रही असाच भेटला, धावत्या बसच्या काचेतून, नारळांच्या मागे लुकलुकणारा. तिनं काचेवर तळवा ठेवला आणि समुद्र दिसेनासा झाला तरी काढला नाही.

परतीच्या आदल्या दिवशी सगळे खरेदीला निघाले. न्याहारीच्या वेळी आत्या सरांपुढे जाऊन उभी राहिली. आज मी येत नाही, म्हणाली. सरांनी जबाबदारीची आठवण करून दिली, आवाजही थोडा चढवला. आत्यानं ऐकून घेतलं.

“सर, जन्मभर मी दुसऱ्यांच्या वेळेवर उठले,” ती म्हणाली. “आजचा दिवस माझा मला द्या.”

सरांनी काउंटरवरून हॉटेलचं कार्ड आणून तिच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली.

कोलंबोहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे अगदी पाण्याच्या कडेनं धावते. आत्या आणि मी उघड्या दारापाशी उभ्या होतो, तोंडावर खारे तुषार येत होते. एका लहानशा स्टेशनवर आत्या उतरली, तिच्या मागून मी. वाळूवर एक म्हातारी मासळी वाळवत होती. आत्या निऱ्या खोचून पाण्यात शिरली, तशी म्हातारी धावत आली आणि लाटेआधी तिनं आत्याचा दंड पकडला. मग दोघी ओल्या वाळूत शेजारी बसल्या. ती सिंहलीत बोलत होती, आत्या केजच्या मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं म्हणणं पटत असावं. दुपार कधी कलली कळलं नाही.

उठताना आत्या पाण्याकडे बघत आजोबांशी बोलल्यासारखं हळूच म्हणाली, “दादा, एवढ्या पाण्यातून आली हो ती.”

आम्ही परतलो तेव्हा दिवे लागले होते. सर हॉटेलच्या पायऱ्यांवर उभे होते. आम्हाला पाहून ते आत निघून गेले आणि मुंबईपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. हृदयाचं दुखणं होतं, फार दिवस अंथरुणावर राहिली नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला टूरमधली बरीच माणसं आली. सर सगळ्यात मागे बसले होते. माणसं पांगल्यावर ते माझ्यापाशी आले. म्हणाले, आता प्रत्येक टूरमध्ये मी एक दिवस रिकामा ठेवतो. कुणी झोपून राहतं, कुणी चालत सुटतं. पहिल्या खेपेला केजचे एक आजोबा संध्याकाळी भिजलेल्या धोतरानं आले, लेकरासारखे हसत होते. कुठं गेलतात, असं मी विचारलं नाही.

मग त्यांनी आत्याच्या फोटोपुढचं एक फूल सारखं केलं.

“लोकं नाव नोंदवताना इचारतात, त्या दिवशी काय दाखवणार म्हणून,” ते म्हणाले. “मी सांगतो, काहीच न्हाई.”