आधी विहिरीचं बोला

शेजारचे तात्या मोबाईलवर ओरडायचे. माणसावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, पण त्या चार बोटांच्या काचेतल्या विलायतेच्या खासदारांना असे झापायचे की गोठ्यातली गाय दचकून उभी राहायची. ब्रेक्झिटचा गोंधळ चालला होता तेव्हाची गोष्ट. धाकट्या मुलाची द्राक्षं तिकडं जायची, म्हणून आधी दराच्या काळजीनं बघायला लागले, मग नादच लागला. मी सणसरजवळ हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे भाषांतराची हमाली माझ्याकडे.

"मास्तर, ह्यो उंच खुर्चीवरचा काय म्हनतोय?"

"शांत बसा म्हणतोय."

"मग बसत्यात कुठं?"

त्यांच्या रागाला कारण होतं. आमच्याकडे भाऊ वेगळे निघायचे झाले की वाटणीला पंच म्हणून तात्याच लागत. थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही त्यांची पद्धत. मग थोरला झक मारत सारखे वाटे करतो. आणि बसल्याबसल्या पहिलं वाक्य: "आधी विहिरीचं बोला." जमीन कापता येते, विहीर कापता येत नाही. पाण्याच्या पाळ्या ठरल्याशिवाय ते चहालासुद्धा हात लावत नसत.

आई-बापाचा विषय मात्र शेवटी, उठताउठता. "आई हिकडं, बाप तिकडं," की झालं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि चुलत्यांची वाटणीही त्यांनीच केली. आजोबा आमच्यात आले, आजी कालव्यापलीकडे चुलत्यांकडे गेली. संध्याकाळी ती पुलावर येऊन उभी राहायची आणि आजोबा तंबाखू मळत तिकडं निघायचे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. रीतच होती तशी.

असल्या माणसाचं लंडन बघून डोकं फिरणारच. एकच करार पुन्हा पुन्हा मतदानाला आणि पुन्हा पुन्हा नापास. दुसरे पर्याय काढले, तेही सगळे नापास. मग मुदतवाढ. "अरं, ह्ये नको, त्ये नको, मग पायजे तरी काय तुमाला?" आयर्लंडच्या हद्दीचा घोळ मी समजावला, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "बघा! म्हंजी निघायचं ठरवलं, आन विहिरीचं बोललीच न्हाईत!" एक गोष्ट मात्र त्यांना आवडली. तिथं मत द्यायला हात वर करत नाहीत, उठून होकाराच्या नाहीतर नकाराच्या बाजूला चालत जातात. "ह्ये बेस हाय. कोन कुठं गेला, दिसतं तरी."

त्याच सुमारास त्यांची स्वतःची मुलं वेगळं व्हायचं म्हणत होती. मोठं भांडण नव्हतं, पण थोरल्याचा ऊस, धाकट्याची द्राक्षं, आणि पाण्यावरून रोजची कुरबुर. तात्या म्हणाले, ऊस तुटू दे. तुटला. मग लग्नसराई होऊ दे. मग मोजणी. मग पाऊस. शेवटी भाकरी थापताथापता त्यांची बायको, आमच्या काकीच, बोलल्या, "त्या लंडनवाल्यांना शिव्या घालता, आन तुमची मुदतवाढ कितवी?"

तात्यांनी मोबाईल बंद केला. मला फाटकापर्यंत सोडायला आले, तेव्हा हळूच म्हणाले, "मास्तर, विहिरीचं मी आत्ता मिटवतो. पर जलमभर आमी एका चुलीवर जेवलो. आता ही एकाकडं आन मी दुसऱ्याकडं?" मला भारी वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागही आला. आमच्या आजीच्या वेळी हे कुठं सुचलं होतं?

एकदाची बैठक बसली. शेजारी म्हणून मीही होतो. वाटे झाले, पाळ्या ठरल्या. मग धाकटा खाली मान घालून म्हणाला, "आई माझ्याकडं, तात्या दादाकडं." बापाचंच वाक्य! तेवढ्यात काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि तात्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या.

"आमाला कुनी इचारलं का? आमी दोघं संगंच ऱ्हानार. ज्याला कबूल हाय, त्यानं उठून हिकडं यावं."

ओसरीवर कुणी हलेना. मग थोरली सून पदर सावरत उठली. तिच्यामागे धाकटी. मग दोघं भाऊ, एकमेकांकडे न बघता. तात्या लहान पोरासारखे रडायला लागले. पंचच रडायला लागल्यावर बैठक कसली!

त्यानंतरही ते वाटण्यांना जात राहिले, पण त्यांचं पहिलं वाक्य बदललं होतं. गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. काकी उशाशी होत्या.

दिवाळीनंतर मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, वेगळे निघालो. नवे पंच सवयीनं विहिरीच्या विषयावर आले, तर दादानं त्यांना अडवलं. "थांबा जरा. विहिरीचं मागनं. आधी आई-आबांचं बोला. ती दोघं एकत्र ऱ्हानार." मी उठून त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तेव्हा कुठं दाराआड थांबलेली आई बाहेर आली आणि आबांशेजारी बसली.