मोगरीमामांची सुटका

आमच्या कारखान्यात भिंतभर संगणकाचे पडदे होते, पण नळी अडली की मोठे साहेबसुद्धा पडद्यांकडे पाठ फिरवून ओरडत, "मोगरीमामांना बोलवा!" मामा यायचे, काखेतली लाकडी मोगरी काढायचे आणि इतवारीच्या बाजारात बायका माठ वाजवून घेतात तशी नळी वाजवत पुढे सरकायचे. मग थांबून म्हणायचे, "हे खोला."

ती नळी म्हणजे साऱ्या कारखान्याचा जीव. कोळशाची मैद्यासारखी भुकटी हवेच्या जोरानं तिच्यातून भट्टीत फुंकली जायची. भुकटी सादळली की एखाद्या वळणावर गच्च बसायची आणि भट्टी थंडावू लागायची. कुठेतरी अडलंय एवढंच पडदा सांगे. कोणत्या वळणावर, ते फक्त मामा. रिकामी नळी टणटणते, भरलेली ठप्प बोलते. यांच्यामधला जो आवाज, तो त्यांनाच कळे.

या गुणापायीच मामा अडकले होते. घर कुहीला, मामी तिथे एकट्या, आणि मामींना काचबिंदू. नजर दर महिन्याला कमी होत चाललेली. लवकर निवृत्तीचा अर्ज मामांनी तीनदा दिला. साहेबांचं उत्तर ठरलेलं: "आधी माणूस तयार करा, मग खुशाल जा."

तो माणूस म्हणजे मी. मनीषनगरची, डिप्लोमावाली, नाकावर राग घेऊन फिरणारी. पहिल्याच आठवड्यात मी ओळखलं, जो हे शिकला तो मेला! त्याला इथून कोणी हलू देणार नाही. मला पुण्याला जायचं होतं. जन्मभर नळ्या ठोकायला मी काय शिकले होते का?

मामा मोगरी माझ्या हातात देत. "आयक वं पोरी. आयकू येऊन राहिलं का?" सहा महिन्यांत मला स्वच्छ ऐकू यायला लागलं. तरी मी म्हणायची, "नाही मामा, सगळं सारखंच वाटतं." ते जराही न चिडता पुन्हा पहिल्या वळणापासून सुरू करत. इतका शांत माणूस पाहून माझंच डोकं फिरायचं. जेवताना डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी माझ्यापुढे सरकवत. "खा. भुकेल्या मानसाले आवाज समजत नाही."

आषाढातल्या एका दुपारी नळी अडली. मामा तापानं फणफणून बाकावर बसलेले. फिटर भलतंच वळण खोलायला लागला. तिथे अजून दाबाची हवा होती. झाकण उघडताच भुकटी त्याच्या तोंडावर आली असती. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "ते नको! पुढचं खोल!" भुकटी पुढच्याच वळणात निघाली.

फिटर गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "तुले त कवाचंच येते वं."

मला रडू फुटलं. "साहेबांना सांगाल?"

"काहून सांगू? मी अडकलो तेवढं पुरे. तू जाय पुण्याले."

त्यांनी साहेबांना एक वाक्य सांगितलं असतं, तर महिन्याभरात ते कुहीला असते. मीही सांगू शकले असते. नाही सांगितलं. पुण्याचं काम जमेना, आणि दोन वर्षं आम्ही रोज तेच नाटक केलं. ते शिकवत, मी चुकत. लाज वाटायची, पण भीती जास्त वाटायची.

शेवटी वय झालं तेव्हाच मामा सुटले. पुण्याची नोकरी लागल्यावर मी कुहीला भेटायला गेले. मामींनी माझा चेहरा हातानं चाचपला. नजर पार गेली होती.

"हे आले, पन मले आता दिसत नाही," त्या हसत म्हणाल्या. "दोन वर्सं आधी आले असते त डोये भरून पाह्यलं असतं. काहून वं, एवढं कठीन आहे का ते काम? कोनालेच नाही आलं?"

मी तोंड उघडणार, तोच मामा म्हणाले, "पोरगी हुशार आहे. मलेच शिकवता नाही आलं."

मामी त्यांच्यावर करवादल्या, आणि मी खाली मान घालून चहा पीत राहिले.