चार मुठी हुलग्याचं पीठ

शेंगोळे चांगले व्हायचे असतील तर पीठ घट्टच मळावं. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं पीठ, त्यात मूठभर गव्हाची कणीक, ठेचलेला लसूण, जिरं, काळा मसाला, मीठ आणि थोडं कच्चं तेल. हाताला तेल लावून पोळपाटावर करंगळीएवढ्या वळ्या करायच्या, टोकं जुळवून कडी करायची आणि फोडणीच्या खळखळत्या पाण्यात एकेक सोडायची. शेवटी थोडं पीठ पाण्यात कालवून रश्शात ओतलं की तो दाट होतो. सोबत बाजरीची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. नगर जिल्ह्यातल्या माणसाला खरं तर हे सांगायला नको.

सांगायचं आहे ते वेगळंच. आमच्या घरी शेंगोळे मी करतो. आमटी मी करतो, भाकरी मी थापतो, संक्रांतीच्या गुळपोळ्याही मीच लाटतो. लग्न झाल्यापासून. आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत हे आम्हा दोघांना आणि आमच्या मुलीला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं.

मी नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर काम करतो. उसाच्या ट्रॉल्या येतात, वजन होतं, पावती निघते. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, सकाळच्या एसटीनं जाते. ती लहानपणापासून वसतिगृहात वाढली. मी पाहायला गेलो तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "मला स्वयंपाक येत नाही." मी म्हणालो, "मला येतो." नगरला शिकत असताना खोलीवर तिघं राहायचो, तिथं जो भाकरी करेल त्याला भांडी माफ होती, म्हणून शिकलो होतो. पण "मला येतो" हे मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात धाडसी वाक्य. माझं सगळं धाडस त्यातच संपलं.

कारण गावी माझा थोरला भाऊ. आमच्या गल्लीत एक माणूस होता, बायको सारखी आजारी, म्हणून तो चुलीपुढं बसायचा. दादानं त्याचं नाव चुलकोंबडा ठेवलं. तो रस्त्यानं चालला की दादा कोंबड्यासारखं आरवायचा आणि आम्ही पोरं हसायचो. मी जरा जास्तच मोठ्यानं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी बायकोला म्हणालो, "कुणाला सांगू नकोस हं." ती नवीन होती. बरं म्हणाली.

त्या "बरं"वर सगळं घर उभं राहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड पडदा. दारावरची बेल वाजली की मी हात धुऊन पेपर घेऊन बसायचो आणि ती परातीतलं पीठ हाताला फासून दार उघडायला जायची. खोटं नाही सांगत. शाळेची वही तपासता तपासता उठायची, पीठ लावायची आणि दार उघडून म्हणायची, "या ना, भाकरीच चालली होती." आमची मुलगी लहानपणी या खेळाला खूप हसायची. मोठी झाल्यावर हसेनाशी झाली. आता ती बाहेरगावी शिकायला आहे.

एका दिवाळीला दादा सहकुटुंब आला, मासवड्या जेवला आणि बायकोला साडी देऊन म्हणाला, "ह्या हाताला चव हाय. नोकरी करून एवढं करायचं म्हंजी लई झालं." तिनं साडी घेतली, पाया पडली. ती साडी तिनं कधी नेसली नाही. मी कारणही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

पुढं कॉलनीतल्या बायकांचा मोबाईलवर ग्रुप झाला. आज काय केलं, उरलेल्याचं काय करायचं, असं सगळं त्यावर चालायचं. बायकोला विचारलं जायचंच. मग मी ओट्यापाशी उभा राहून सांगायचो आणि ती लिहायची. शिळी भाकरी कुस्करा, वर ताक शिंपडा, लसणाची फोडणी द्या, भाजलेले शेंगदाणे घाला. खर्ड्याला मिक्सर नको, मिरच्या तव्यावरच भाजा आणि तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडा. मेथीची पातळ भाजी करताना मूगडाळ आधी भिजवा. साध्या गोष्टी. पण बायका लिहायच्या, "मॅडम, तुमच्यामुळं रोजचा प्रश्न सुटला."

ती अंघोळीला गेली की मी तिचा मोबाईल उघडून हे सगळं वाचायचो. पुन्हा पुन्हा वाचायचो. बाकी काही कबूल करायला मला एवढं जड गेलं नाही, हे जातंय. मला नाव नको होतं, पण कौतुक हवं होतं. म्हणून तिच्या नावावर ते मागवून घेत होतो.

एका संध्याकाळी ती शाळेतून आली आणि चप्पल न काढता पायरीवर बसली. शेजारच्या काकूंची सून बँकेत नोकरीला आहे. ती बसथांब्यावर भेटली होती, डोळे सुजलेले. काकू तिला म्हणाल्या होत्या, "ती मॅडम बघ. दोन गाड्या बदलून नोकरीला जाते, तरी सकाळी ताजी भाकरी थापते. तुला काय धाड भरलीय?"

"माझं नाव सांगून तिला रडवलं," बायको म्हणाली. "मी काय बोलणार होते? तिला म्हणाले, सवय होते हळूहळू. अहो, मी तिला असं म्हणाले."

मी आत गेलो आणि कांदा चिरायला घेतला.

मग त्या थंडीत शेंगोळ्यांची पाळी आली. मी सांगितलं, तिनं लिहिलं: चौघांसाठी चार मुठी हुलग्याचं पीठ, एक मूठ कणीक, दोन तांबे पाणी, रश्शासाठी वेगळं अर्धी मूठ पीठ. दोन दिवसांत ग्रुपवर एकच ओरड. मॅडम, रस्सा पाण्यासारखा झाला. मॅडम, शेंगोळे पोहतात. काकूंनी तर घरी येऊन सांगितलं, "आमचे हे म्हणाले, हे जेवायचं का ह्यात पाय बुडवून बसायचं?" आणि तिथंच ठरवूनही टाकलं. रविवारी सगळ्या जणी आमच्याकडे येणार आणि मॅडमनं डोळ्यांदेखत शेंगोळे करून दाखवायचे.

त्या गेल्यावर बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "आता?"

"शिकवतो ना तुला," मी म्हणालो.

"रविवारपर्यंत?"

"सोपं असतं."

सोपं नव्हतं. पीठ मी मळून द्यायचो, पण तिनं वळलेल्या कड्या पाण्यात पडताच सुटायच्या आणि पातेल्यात गांडुळं तरंगल्यासारखं दिसायचं. शनिवारी तिनं पीठ परातीत आपटलं. "तुमच्यासाठी मी पोरीसमोर खोटं बोलले, आईसमोर बोलले, तुमच्या भावासमोर बोलले. आता हे वळायलाही मीच?" मग तीच पुन्हा हाताला तेल लावून वळायला बसली. उद्या तोंडघशी कोण पडणार हे दोघांनाही कळत होतं. मी तरीही म्हणालो, "जरा पातळ वळ."

रविवारी मला सुट्टी होती. कॉलनीतल्या आठ-दहा बायका स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभ्या, काकू पुढं, त्यांची सून मागं भिंतीला टेकून. मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"चार मुठी," बायको म्हणाली आणि पीठ घेतलं.

"थांबा थांबा," काकू म्हणाल्या. "मूठ दाखवा बरं. अगं बाई, ही तर माझ्याहून बारीक! मग तुमचं दाट होतं कसं आणि आमचंच पातळ का?"

तेव्हा मला कळलं. मूठ माझी होती. उसाच्या ट्रॉलीच्या फळीवरून पकड सुटू नये असा माझा पंजा, त्यात तिच्या दोन मुठी मावतात. तांब्या सगळ्यांच्या घरी सारखाच, मूठ मात्र माझी सांगितलेली. इतके दिवस टनांचं वजन करणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं.

बायकोनं दाराकडं पाहिलं असतं तर मी कदाचित पेपर आणखी वर धरला असता. तिनं पाहिलं नाही. ती म्हणाली, "माझीच लिहिण्यात चूक झाली असेल. तुम्हाला सगळ्यांना उगाच त्रास झाला."

मी उठलो. आत गेलो, नळाखाली हात धुतले. बायका बाजूला झाल्या. काकूंना वाटलं मी पाणी प्यायला आलो. "भाऊ, पाणी देऊ का?"

"पीठ द्या," मी म्हणालो. मग डब्यात हात घालून चार मुठी परातीत टाकल्या. ढीग झाला. "तिची चूक नाही. मूठ माझी आहे. ती लिहिते, करतो मी."

मी लसूण घातला, पाणी शिंपडलं, मळायला लागलो.

"म्हणजे... संक्रांतीच्या गुळपोळ्या?" काकूंनी विचारलं.

"मीच."

"आणि तो तव्यावरचा खर्डा?"

"मीच."

"मेल्यांनो, आम्ही आठवडाभर पाणी पितोय, नवऱ्यांची बोलणी खातोय, आणि हे बाहेर पेपर वाचतायत!" त्या ओरडल्या आणि मग एकदम हशा उसळला. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, मग तुम्ही घरी काय करता हो?"

"जेवते," बायको म्हणाली.

ती हसली. इतक्या माणसांत तिला एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. एकटी काकूंची सून हसली नाही. ती म्हणाली, "मॅडम, मी पहाटे उठून तुमच्यासारखं करायला बघत होते." हशा थांबला. काकूंनी पदर सावरला आणि उगाच पातेल्याचं झाकण उघडून पाहिलं.

बायको तिच्याजवळ गेली. "मला साधी पोळी गोल येत नाही गं. सवय होते म्हणाले ते खोटं होतं." मला वाटलं, हे तिच्याऐवजी मी बोलायला हवं. म्हणालो, "हे मी लपवायला लावलं. मला लाज वाटायची." यापेक्षा जास्त बोलणं मला जमलं नाही. पण एवढं बोलल्यावर माझ्या मानेतला कुठलासा ताठ दोर सैल पडला. शेंगोळे त्या दिवशी दाट झाले. सूनबाई दोन वाट्या जेवली. काकूंनी तिच्या पानात स्वतः वाढलं. त्यानंतर काकू काय बोलल्या, काय नाही, हे मला माहीत नाही. त्यांच्या घरातलं त्यांच्या घरात.

सगळ्या गेल्यावर बायको म्हणाली, "दादांना कोण सांगणार?"

"मी."

"केव्हा?"

मी टाळलं असतंच. पण दादा महिन्याभरानं स्वतःच आला, शेंगांचं पोतं घेऊन. मी स्वयंपाकघरात होतो. बेल वाजली, बायकोनं तशीच कोरड्या हातानं दार उघडलं आणि म्हणाली, "या दादा, हे आत भाकरी करतायत."

दादा ओट्याशी येऊन उभा राहिला. माझ्या हातावर भाकरी फिरत होती. मी ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "दादा, पहिल्यापासून मीच करतो. मासवड्याही माझ्याच होत्या."

त्यानं तव्याकडं वाकून पाहिलं. आरवतो की काय असं मला वाटून गेलं.

"आयला," तो म्हणाला. "मंग ती साडी तुला द्याया पायजे हुती की रं."

बायको पलीकडच्या खोलीत खो खो हसत सुटली. दादाही हसला, पण नंतर खाटेवर बसून एकटाच म्हणाला, "त्या माणसाला लई छळलं आपन." चुलीपुढं बसणाऱ्या त्या माणसाचं नाव त्यानं घेतलं. तो माणूस केव्हाच वारला आहे.

जेवायला तिघं एकदमच बसलो. दादानं आमटी भाकरीत कालवली, घास घेतला, मान हलवली.

"मीठ जास्त झालंय," बायको म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं माझ्या जेवणात कधी खोट काढली नव्हती. कशी काढणार? बाहेरच्यांसमोर ते तिचंच असायचं.

"न्हाई, बरोबर हाय की," दादा म्हणाला.

"नाही दादा. जास्तच आहे."

मी चाखून पाहिलं. होतंच जास्त. मी उठलो, पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं आणि त्यात वाटीभर गरम पाणी ओतलं.