ओळखीच्या माणसांनी विकलेल्या साड्या

ते प्रकरण आठवलं की आजही डोकं सुन्न होतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण माणसाच्या स्वभावानं असा धक्का कधी दिला नव्हता.

तेव्हा गोंडपिपरीकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना शेतकरी घरातली एक बाई बोचकं घेऊन आली आणि माझ्या टेबलावर साड्यांचा ढीग ओतला. एक उचलली, तर बोटातच फाटली. पोरीचं लग्न तोंडावर, आणि या साड्या मानपानाच्या, नवरदेवाकडच्या बायकांसाठी. मोबाइलवरच्या लाइव्ह विक्रीत घेतलेल्या.

"सोयऱ्यायपुढं काय तोंड दाखवू साहेब? लगन मोडन माह्या पोरीचं!"

"हात न लावता एवढ्या साड्या काऊन घेतल्या बाई?"

"अशाच नाई घेतल्या. माह्या नणंदेनं तिथंच लाइव्हच्या खाली लिवलं होतं, 'मी घेतली, लय मस्त आहे.'"

'दोनच पीस उरले', 'ताई, हा रंग तुमचाच', ही लाइव्हवाल्यांची बडबड मला ठाऊक होती. पण बाई त्या बडबडीला भुललीच नव्हती. म्हणाली, "दुकानदार त खोटाच बोलते. नणंद काऊन खोटं बोलन?"

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. पार्सलवरचा पत्ता बनावट निघाला. पार्सल पोचवणाऱ्यानं खबर दिली, की माल चंद्रपुरातल्या एका भाड्याच्या खोलीतून उचलतात. पंचांसमक्ष छापा घातला. आत दिवे, मोबाइल, साड्यांचे गठ्ठे आणि एक गोडबोल्या विक्रेता. त्याला ठाण्यात आणला.

"खोटं लिहायला किती माणसं ठेवली रे?"

"एकही नाई साहेब. ज्यायचा माल खराब निंघाला, त्याच लिवते."

"मला शेंडी लावतोस?" मी टेबलावर हात आपटला.

"खरं सांगून राह्यलो. तक्रार आली की म्हणतो, लाइव्हमध्ये 'मस्त आहे' लिवा, बदलून देतो. लिवते बिचाऱ्या."

अहो, मी थक्कच झालो! नणंदेला बोलावलं. तिनं मान खाली घालून कबूल केलं. साडी पहिल्याच धुण्यात विरली होती आणि तिला ती बदलून हवी होती. भावजय कडाडली, "हिलेही आत टाका साहेब! घरचीच वैरी निंघाली!"

जप्त मोबाइलमधला मजकूर वाचणारा हवालदार मध्येच थांबला. त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. ठाण्यात तक्रार देण्याच्या काही दिवस आधी याच बाईनं लिहिलं होतं, 'लग्नासाठी घेतल्या, बिनधास्त घ्या.' आणि त्याखाली तिच्या होणाऱ्या विहिणीचं उत्तर, 'तुमी म्हणता त नवरीचा शालू मीबी इथूनच मागवला.'

वाचून दाखवलं तशी बाई पुटपुटली, "देवा! मले वाटलं, बदलून भेटन."

"लावा फोन विहिणीला. खरं सांगा," मी म्हणालो.

तिनं रडत रडत सांगितलं. पलीकडून आवाज आला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. "शालू कालच आला बाई. फाटकाच आहे. म्या बी मस्त म्हणून लिवून टाकलं."



लग्न मोडलं नाही. दोघी विहिणी सारख्याच दोषी, कोण कुणाला बोलणार! पण मी मात्र हादरलो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. इथं ठेच लागलेली प्रत्येक बाई मागचीला सांगत होती, ये, रस्ता चांगला आहे. दुकानदारावर एकीचाही विश्वास नव्हता. साड्या खपल्या त्या आपल्या माणसाच्या शब्दावर. आता कुणी मला म्हणालं, "मी घेतलंय, तुम्हीही घ्या," तर मी आधी विचारतो, "तुमचं त्यांच्याकडं काही अडकलंय का?"