अंगणातली लोखंडी पट्टी

माझी शिरूरला छोटी नर्सरी आहे आणि नवऱ्याचं कारेगावात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. तो कंपन्यांसाठी रॅक, ट्रॉल्या, जिन्यांचे कठडे बनवतो. मी रोपं विकते आणि लोकांच्या बंगल्यांपुढे लॉन लावून देते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्या दोघांच्या धंद्यांची गाठ एकाच ठिकाणी पडते, लॉनच्या कडेला बसवायच्या लोखंडी पट्टीपाशी. आमची भांडणंही बहुतेक तिथंच होतात.

ही पट्टी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. वीतभर रुंदीचा गंज न चढणारा पत्रा, त्याला खालून सळईच्या खुंट्या वेल्ड केलेल्या. हिरवळ आणि फुलांचा वाफा यांच्यामध्ये चर खणायचा, पट्टी उभी बसवायची, खुंट्या ठोकायच्या, माती दाबायची. वर दोन बोटं कड दिसत राहते. पट्टी नसली की लॉनचं गवत बघता बघता वाफ्यात शिरतं, गुलाबाच्या मुळांत जाऊन बसतं, आणि मग गिऱ्हाईक मला फोन करतं, "ताई, तुमच्या गवतानं माझा गुलाब खाल्ला." म्हणून मी पट्टीशिवाय काम घेत नाही. इतकी साधी गोष्ट. पण या साध्या गोष्टीनं मला जेवढं छळलंय, तेवढं मावा आणि हुमणी या किडींनी मिळूनसुद्धा छळलेलं नाही.

त्यातही वडगाव रासाईचं काम. ते आठवलं की अजून डोकं तापतं.

भीमाकाठचं गाव, चहूकडे ऊस. दोघा भावांनी मळ्यातच नवा बंगला बांधला होता. एका छपराखाली दोन घरं, मध्ये भिंत, दोन दारं, पुढं मात्र एकच मोठं अंगण. थोरले गावच्या राजकारणातले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कानाला सदा फोन. धाकटे रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारे. दोघांच्या बायका होत्या, आणि वडील होते. त्यांना सगळे आबा म्हणायचे. मागं कधीतरी अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, त्यामुळं डावा पाय ओढत चालायचे. नाहीतर दिवसभर बाजेवर बसून आमचं काम बघायचे. बोलायचे काहीच नाहीत.

थोरल्यांनी हायवेवरच्या कुठल्याशा मंगल कार्यालयात हिरवळीच्या मधोमध नागमोडी फुलांचा वाफा पाहिला होता. त्यांना तस्साच हवा होता. गेटपासून घरापर्यंत, अंगणाच्या मधून वळत वळत गेलेला.

"नागमोडी कशाला?" नवरा गाडीतच कुरकुरायला लागला. "सरळ टाकू. पत्रा वाकवायचा म्हणजे किती ताप असतो, माहितीये का तुला?"

"अहो, फुलांचा वाफा आहे. रॅक नाही."

"सरळ असलं की मोजता तरी येतं."

हे त्याचं नेहमीचं. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. तिच्या मागं मुंगीच्या पावलानं जाताना भांडण काढायची माझी इच्छा नव्हती.

पहिल्या दिवशी मी दोरी टाकून अंगणात चुन्याची फक्की मारली. पांढरी रेघ छान वळणं घेत दाराकडं गेली. मी मागं सरून बघतेय, तोच धाकट्यांची बायको बाहेर आली. हातात कणकेचा गोळा तसाच.

"ताई, ही रेघ कुणी मारायला सांगितली?"

"तुमच्या थोरल्या दिरांनीच पसंत केलीय, वहिनी. इथं वाफा येणार."

"मग नळ त्यांच्या अंगाला का गेला?"

मी बघितलं. अंगणातला बोअरचा नळ खरंच रेघेच्या पलीकडं, थोरल्यांच्या दाराच्या बाजूला होता.

"अहो, ही फुलांची रेघ आहे. नळ कुठूनही वापरा ना."

"आज फुलं म्हणता. उद्या त्याचाच बांध व्हतो. मी बी शेतकऱ्याचीच लेक हाय."

मी कपाळाला हात लावला आणि फक्की पुसली. नवं वळण असं घेतलं की नळ बरोबर वाफ्याच्या पोटात आला. वहिनी शांत झाल्या. संध्याकाळी थोरले फोन कानाला लावूनच अंगणात आले, नळाकडं बघितलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "ताई, नळ मधी कसा काय आला?" मी सांगितलं की डिझाईन तसं आहे. डिझाईन हा शब्द ऐकला की माणसं जरा वेळ गप्प बसतात.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं पट्टी बसवली. शिव्या देत, पण सुंदर वाकवली, हे मान्य केलं पाहिजे. वाफ्याच्या दोन्ही कडा नदीच्या वळणासारख्या दिसत होत्या. तिकडं उसात बिबट्या फिरतो, म्हणून दिवस मावळायच्या आत आम्ही सामान भरून निघालो.

सकाळी थोरल्यांचा फोन. "ताई, पट्टी निघाली."

आम्ही गेलो. वाफ्याच्या मधला पुरुषभर लांबीचा तुकडा, दोन्ही कडांचा, जमिनीतून बाहेर. मी नवऱ्यावरच घसरले. काळी माती आहे, पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते, खुंट्या लांब घ्या म्हणून मी सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माती पट्टी वर ढकलंल. बाजूला उचलून नीट रचून नाही ठेवत."

खरंच, दोन्ही तुकडे कुंपणाला टेकवून नीट ठेवलेले होते.

तरीही त्यानं कारेगावहून हातभर लांब सळया आणून वेल्ड केल्या आणि पट्टी पुन्हा ठोकली. सोबत त्याचा वेल्डर होता, बिहारचा, बरीच वर्षं आमच्याकडं असलेला. घाम पुसत तो मला म्हणाला, "भाभी, ये लोग घास लगा रहे हैं कि बॉर्डर?" मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर.

सकाळी पुन्हा फोन. पुन्हा तोच तुकडा, तसाच कुंपणाला टेकवलेला.

या वेळी सगळं घर अंगणात जमलं होतं. थोरले कुणाकडंच न बघता मोठ्यांदा म्हणाले, "ज्याला पटत न्हाई, त्यानं तोंडानं सांगावं. रातीचं उपटाउपटी कशाला?"

धाकटे नुकतेच कंपनीच्या बसमधून उतरले होते. गळ्यात आयकार्ड, डोळे तांबडे. "दादा, मी रात्रभर लाईनवर व्हतो. मी कवा उपटू?"

"तू नसशील. घरात आणिक माणसं हायती."

"आमच्यावर का येताय?" त्यांची बायको पुढं आली. "जाऊबाईच म्हणत व्हत्या, वाफा नको, गहू वाळवाया जागा ऱ्हाईना म्हणून."

"मी म्हणले, पण मी हात न्हाई लावला," थोरल्यांची बायको दारातूनच म्हणाली. "तुमालाच नळाची काळजी."

मग नळ निघाला. नळावरून मोटारीचं लाईटबिल निघालं, त्यावरून बंगल्याच्या पायऱ्या निघाल्या. धाकट्यांनी माझ्या नवऱ्याचा टेप घेतला आणि भिंतीपासून पट्टीपर्यंत माप घ्यायला लागले. थोरले म्हणाले, असं कच्चं माप नको, सरकारी मोजणीच बोलवू. धाकटे म्हणाले, बोलवाच. आणि माझा नवरा, शपथेवर सांगते, माझा नवरा हळूच म्हणाला, "सरळ टाकली असती तर मोजायला सोपं गेलं असतं."

तेव्हा माझा तोल गेला. मी हातातलं खुरपं खाली आपटलं. "मी इथं गवत लावायला आलेय!" म्हटलं. "ही पट्टी गवतासाठी आहे. गवत फुलांत जाऊ नये एवढंच तिचं काम. तिला सातबारा नाही, हद्द नाही, काही नाही! पटत नसेल तर आत्ता सगळी काढून घेऊन जाते, आणि लावा इथं ऊस!"

दोघं भाऊ दचकून माझ्याकडं बघायला लागले. थोरल्यांनी फोन खिशात ठेवला, एवढंच मला त्यातलं यश. आबा बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

पट्टी पुन्हा बसवली. पण आता मला राहवेना. कोण उपटतंय ते बघायचंच, या हट्टानं मी नवऱ्याला पहाटे उठवलं. तो सबंध रस्ता जांभया देत गाडी चालवत होता. आम्ही पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं, घराची दोन्ही दारं बंद होती आणि अंगणात आबा मातीत बसले होते. हातात पहार. पट्टीच्या खाली पहार घालून सगळ्या अंगाचा भार देऊन ते ती उचकटत होते.

"आबा! अहो, तुम्ही?"

"मंग कोण?" ते न दचकता म्हणाले. "आज लय घट्ट बसवलीस की गं."

माझा सगळा राग उतरला. नवरा माझ्या कानात म्हणाला, "म्हाताऱ्याला पोरांची वाटणी बघवत नाही." मलाही तेच वाटलं. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आबा, ही वाटणीची रेघ नाही हो. कुणी वेगळं होत नाही."

"वाटणी?" आबांनी माझ्याकडं नीट बघितलं. "करू द्या की. मी आन् माझ्या भावानं केली व्हती, कुणी मेलं न्हाई. मला काय त्येचं?"

मग त्यांनी डावा पाय हातानं उचलून पुढं धरला. चप्पल नव्हती. अंगठ्याला फडकं बांधलेलं, त्यावर रक्त सुकून काळं झालेलं.

"माझा ह्यो पाय उचलत न्हाई. रोज सकाळी ह्याच वाटनं गोठ्याकडं जातो. तुझी ती पट्टी बरोब्बर अंगठ्याला लागती. पैल्या दिशी तर पडलोच."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? समदी भांडत व्हती."

आमच्या आवाजानं दारं उघडली. धाकट्यांनी पाय बघितला आणि "आबा, पडला? कवा?" करत खाली बसले. थोरले वर उभे राहून म्हणाले, "आबा, कडंनं एवढी फरशी टाकलीय. तिच्यावरनं जायचं ना."

"फरशीवरनं घसरतोय," आबा म्हणाले. "तीबी तूच टाकलीस."

धाकट्यांची बायको आत गेली आणि हळद घेऊन आली. मला रडू यायला हवं होतं, पण मी इतकी वैतागले होते की रडूही येईना. चार धडधाकट माणसं एका अंगणात राहतात, नळ कुणाच्या अंगाला आहे हे इंचात सांगतात, आणि बापाचा फुटलेला अंगठा एकाला दिसत नाही.

नवरा मात्र आबांना म्हणाला, "जरा चालून दाखवा बरं. रोज जाता तसं." आबा उठले, पहारीचा आधार घेत गोठ्याकडं निघाले, आणि नवरा मागं मागं खडूनं खुणा करत गेला. आबांची वाट सरळ होती, हे त्याला फार आवडलं. तेवढ्या रुंदीपुरता आम्ही वाफा तोडला. तिथली पट्टी कापून काढली आणि मुरूम टाकून, ठोकून जमीन सपाट केली. तुटलेल्या कडांना नवऱ्यानं गोल पाइप वेल्ड करून दिला, म्हणजे चुकून पाय लागलाच तरी कापणार नाही. वाफ्याचे दोन तुकडे झाले. मंगल कार्यालयातल्यासारखा तो आता दिसत नव्हता. थोरल्यांनी एकदा नाराजीनं बघितलं, पण आबा बाजेवर होते, त्यामुळं ते फोन कानाला लावून आत गेले.

काम संपलं, तसं मला वाटलं, सुटले. कसलं काय. महिन्याभरात पाटसहून कुणाचातरी फोन आला. पाहुण्यांकडून नंबर मिळाला म्हणे. "ताई, ती दोन भावांच्या मधी टाकायची पट्टी तुम्हीच बसवता ना?" मी फोन ठेवून दिला. नवरा म्हणाला, ठेवायला नको होता, ते काम सरळ रेषेत झालं असतं.

वडगावच्या भावांनी पुढं शेताची वाटणी केली. रीतसर, तालुक्याला जाऊन, एकाच गाडीत बसून. तिच्यावरून काहीच भांडण झालं नाही, असं मला धाकट्यांच्या बायकोनं नर्सरीत येऊन सांगितलं. मोगऱ्याची रोपं घेऊन गेली, वाफ्यात लावायला.

उन्हाळ्यात थोरल्यांचा फोन आला, "ताई, तुमचं लॉन पिवळं पडलं." जाऊन बघते तर लॉन निम्मं हिरवं आणि निम्मं पिवळं. धाकट्यांची बायको तिच्या दारापुढं रोज पाणी मारत होती. थोरल्यांच्या दारापुढं कुणीच नाही. नळ मध्ये, पाण्याला तोटा नाही. पण पाइप धाकट्यांनी आणलेला, आणि तो मागायचा कसा, इथं गाडं अडलेलं. दुसरा पाइप आणायला थोरल्यांना सवड नव्हती.

मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. पदर खोचला, पाइप ओढला आणि भर उन्हात पिवळ्या बाजूला पाणी मारत उभी राहिले. थोरले सावलीत फोनवर बोलत होते. आबा बाजेवरून बघत होते.

"त्या कोपऱ्यात बी मार गं," ते म्हणाले. "तिथं लय सुकलंय."

"मारते, आबा," मी म्हटलं आणि पाइप पुढं ओढला.